बोगद्यातलं जुनं बॅटरी लोको वारसा रेल्वेवर चालवायचं असेल तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही उत्तर लागू करून बघता येईल. तुम्ही इंग्लंडमधल्या एका दोन फुटी गेजच्या (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) वारसा रेल्वेवर, म्हणजे हौसेने जपलेल्या जुन्या रेल्वेवर, स्वयंसेवक आहात. मार्ग २.४ किलोमीटरचा, त्यात ६०० मीटर १:५० चा चढ, बाकी जवळपास सपाट. चार डबे, प्रवाशांसकट २० टन. एका बोगदा कंत्राटदाराच्या आवारात काही वर्षं उभी असलेली दोन बॅटरी लोको, म्हणजे बॅटरीवर चालणारी रेल्वे इंजिनं, भंगारापेक्षा थोड्या वरच्या भावात मिळताहेत. दोन्ही ८ टनी, ६१० मिलिमीटर गेजची, १२० व्होल्ट ४०० अँपिअर-अवर बॅटरीची. वाफेचं इंजिन नसेल त्या दिवशी प्रवासी गाडी याच लोकोंनी ओढावी, असं समितीचं म्हणणं आहे. तुम्ही विचारलंय की काय काय बदलावं लागेल, बॅटरी दिवसभर पुरेल का, लिथियम बसवावी का, आणि असं लोको माथेरानला चालेल का.

मी नोकरीभर खाणीतल्या आणि बोगद्यातल्या बॅटरी लोकोंच्या विजेचं काम केलं आणि आता ब्रिटनमधल्या छोट्या गेजच्या रेल्वेंना त्याच कामात मदत करतो. माझं मत असं: लोको जरूर घ्या, पण ‘प्रवासी गाडीचं इंजिन’ म्हणून घेऊ नका. आधी त्यांना शंटिंग आणि कामगाडीचं काम द्या. प्रवासी गाडीला लावायचं असेल तर ब्रेक आणि बॅटरी या दोन गोष्टींवर लोकोच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येईल, हे समितीला पहिल्याच बैठकीत सांगा. ही लोको स्वस्त मिळतात, कारण त्यांतला महागडा भाग संपलेला असतो.

विषय आत्ताच निघण्यामागे कारण आहे. वेल्समधली फॉस-इ-फ्रान ही उघडी कोळसाखाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली आणि वारसा रेल्वेंना जवळून मिळणारा वेल्श वाफेचा कोळसा थांबला. आता आयात कोळसा किंवा तयार गोळे वापरावे लागतात, ते महाग पडतात आणि प्रत्येक इंजिनाला मानवतातच असं नाही. उन्हाळा कोरडा गेला की ठिणग्यांनी गवत पेटण्याची भीती असते, त्या दिवशी वाफ बंद. अशा वेळी शेडमध्ये एक विजेचं लोको तयार असणं मोलाचं आहे, यात वाद नाही.

आता हिशेब. तो लोको बघायला जाण्याआधी करा, कारण लोको डोळ्यांसमोर आलं की माणूस मोहात पडतो.

लोको ८ टन आणि डबे २० टन, म्हणजे गाडी २८ टन. छोट्या गेजच्या, साध्या देखभालीच्या रुळांवर गाडी नुसती ओढायला टनामागे साधारण १०० न्यूटन धरा, म्हणजे २.८ किलोन्यूटन. १:५० च्या चढावर गुरुत्वाचा भार आणखी ५.५ किलोन्यूटन. दोन्ही मिळून सव्वाआठ, वळणं धरून साडेआठ. चढावरच थांबून पुन्हा सुटायचं असेल तर गती घेण्यासाठी आणखी तीनेक किलोन्यूटन लागतील. ८ टनी लोकोचं वजन ७८ किलोन्यूटन. रूळ कोरडे असतील तर त्याच्या २० टक्के, म्हणजे साडेपंधरा किलोन्यूटन ओढ चाकांना मिळते. चालून जातं. पण ऑक्टोबरमध्ये ओली पानं रुळांवर चिकटली की हेच प्रमाण १० टक्क्यांवर येतं आणि हाती पावणेआठ उरतात. त्या दिवशी तुमची गाडी चढावर चाकं फिरवत उभी राहील. मोटर कितीही दणकट असली तरी यात फरक पडत नाही. त्यामुळे वाळूची व्यवस्था पहिल्या दिवसापासून हवी. बोगद्यातल्या बऱ्याच लोकोंना वाळूच्या पेट्या असतात, पण नळ्या बुजलेल्या किंवा गायब असतात. ओल्या दिवशी डबा एक कमी जोडायचा, हा नियमही लेखी असू द्या.

आता ऊर्जा. एका फेरीत, म्हणजे ४.८ किलोमीटरला, रुळांचा विरोध सुमारे पावणेचार किलोवॅट-अवर खातो. ६०० मीटरच्या चढात गाडी १२ मीटर वर जाते, त्याला जवळजवळ एक. सुटण्याथांबण्याचं फार होत नाही. चाकांपाशी पावणेपाच-पाच धरा. मोटर, गिअर आणि कंट्रोलर (मोटरची वीज कमीजास्त करणारी यंत्रणा) यांमधली घट धरून बॅटरीतून सात निघतील. ब्रेकसाठी एक्झॉस्टर (हवा शोषून व्हॅक्यूम तयार करणारा पंप), दिवे, भोंगा यांना अर्ध्या तासाच्या फेरीत आणखी एक-दीड. म्हणजे फेरीला ८ किलोवॅट-अवर. १२० व्होल्ट ४०० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर ४८ किलोवॅट-अवरची. लेड-ॲसिड बॅटरी ८० टक्क्यांहून जास्त उतरवायची नसते, म्हणजे वापरायला ३८. नवी बॅटरी असेल तर चार फेऱ्या आरामात, पाचवी धाकधुकीत. ७० टक्के क्षमता उरलेली जुनी बॅटरी असेल तर तीन. तुमच्या वेळापत्रकात रविवारी सहा फेऱ्या असतील तर दुपारच्या सुट्टीत चार्जिंग, नाहीतर दुसरं लोको, असंच नियोजन करावं लागेल. बोगद्यात हा प्रश्न येत नव्हता. तिथे पाळी संपली की क्रेनने किंवा रोलरवरून अख्खी बॅटरी पेटी बदलत. तुमच्याकडे दुसरी पेटीही नाही आणि ती उचलायची सोयही नाही.

हे आकडे माझ्या अंदाजी गृहीतकांवर उभे आहेत. तुम्ही एक सोपं काम करा: तुमच्या डिझेल लोको आणि डब्यांच्या मधे ओढकाट्याचा स्प्रिंग-बॅलन्स किंवा लोड सेल जोडून एक फेरी मारा. टनामागे १०० ऐवजी १५० न्यूटन निघाले तर सगळा हिशेब बदलतो. ते कळलं तर पैसे वाचतील.

बॅटरीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक प्रकल्प तिथेच अडकतात. पेटीत २ व्होल्टचे ६० सेल असतात. विकणारा चार्जर लावून व्होल्टमीटर दाखवेल, १२७-१२८ व्होल्ट दिसतील आणि सगळे खूश होतील. त्या आकड्याला काही अर्थ नाही. भार न टाकता मोजलेला व्होल्टेज मेलेल्या सेललाही चांगला दिसतो. हायड्रोमीटरने प्रत्येक सेलच्या आम्लाची घनता बघा: पूर्ण चार्ज असताना १.२८ च्या आसपास, आणि सगळ्यांची जवळजवळ सारखी. एखाद्या सेलमध्ये १.२२ आणि शेजारी १.२८ असेल तर तो सेल संशयित. मग खरी चाचणी: पाच तासांच्या दराने, म्हणजे ८० अँपिअरने, बॅटरी उतरवत न्या. साडेनऊ किलोवॅटचा रेझिस्टन्स लागेल, तो भाड्याने मिळतो. तासातासाला प्रत्येक सेलचा व्होल्टेज लिहा. कोणता सेल आधी १.७ व्होल्टवर घसरतो ते बघा. पाच तासांऐवजी चार तासांच्या आत हे झालं, तर बॅटरी व्यवसायाच्या हिशेबाने तिचं आयुष्य संपलेलं असतं. शंटिंगला तरीही ती काही वर्षं चालेल. प्रवासी कामाला नाही.

काही वर्षं आवारात उभ्या राहिलेल्या लोकोची बॅटरी बहुतेक सल्फेट होऊन गेलेली असते. लेड-ॲसिड बॅटरी कामाने लवकर मरत नाही, पडून राहिल्याने मरते. तुमच्यासारख्या रेल्वेवर हाच मोठा धोका आहे. बोगद्यात लोको रोज चालत होतं. तुमच्याकडे ते ईस्टरपासून ऑक्टोबरपर्यंत शनिवार-रविवारी चालेल आणि मग पाच महिने थंडीत उभं राहील. उतरलेल्या बॅटरीतलं पातळ आम्ल कडाक्याच्या थंडीत गोठून सेलचं भांडं फोडू शकतं, भरलेल्या बॅटरीतलं गोठत नाही. म्हणून हिवाळ्यात दर महिन्याला कोणीतरी येऊन ती पूर्ण चार्ज करायची, डिस्टिल्ड वॉटर बघायचं, वहीत नोंद करायची. या कामाला उत्साही मंडळी नको, एक नियमित माणूस हवा. असा माणूस मिळणार नसेल तर लेड-ॲसिडचा विचारच सोडा.

मग लिथियम? आज नव्याने पैसे घालायचे असतील तर मी लिथियम आयर्न फॉस्फेटकडे बघेन, आणि ते मुख्यतः याच पडून राहण्याच्या कारणासाठी. अर्धवट भरलेल्या स्थितीत महिनोन् महिने उभं राहणं त्या सेलना चालतं. पाणी घालायला लागत नाही, आम्लाचा त्रास नाही. पण नुसती अदलाबदल करून भागत नाही.

पहिली गोष्ट वजनाची. तुमची लेड-ॲसिड पेटी जवळपास दोन टनांची आहे, म्हणजे लोकोच्या वजनाचा चौथा हिस्सा. तेवढ्याच ऊर्जेचा लिथियम संच पाचशे किलोच्या आसपास बसेल. म्हणजे दीड टन वजन गेलं, आणि वर काढलेल्या हिशेबातली ओढही त्याच प्रमाणात गेली. ते वजन पोलादाच्या जाड पट्ट्यांनी भरून काढा. दीड टन पोलाद म्हणजे ०.२ घनमीटरपेक्षाही कमी जागा, तेव्हा जागेचा प्रश्न नाही. मात्र पट्ट्या खाली, दोन्ही ॲक्सलवर सारखा भार येईल अशा बसवा आणि बोल्टने पक्क्या करा. नुसत्या ठेवलेल्या पट्ट्या टक्कर झाली तर केबिनमध्ये येतात.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. ३.२ व्होल्टचे ३८ सेल घेतले की १२१.६ व्होल्ट होतात. पण पूर्ण भरल्यावर ते १३९ च्या जवळ जातात आणि संपताना ९५ च्या आसपास येतात. जुन्या रेझिस्टन्स कंट्रोलरला याचं काही वाटत नाही. थायरिस्टर चॉपर किंवा नव्या इन्व्हर्टरचा कंट्रोलर असेल तर त्याची खालची-वरची मर्यादा आधी वाचा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि पुरवठादार ती आपणहून सांगत नाहीत. लिथियमच्या बॅटरी मॅनेजमेंट यंत्रणेला एखादा सेल मर्यादेबाहेर गेलेला दिसला की ती कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा मोठा स्विच) उघडून बॅटरी तोडते. समजा, मार्चमधली सकाळ आहे, तापमान शून्याखाली, बॅटरी रात्रभर भरलेली, आणि पहिलीच गाडी उताराला लागली. चालक विजेच्या ब्रेकने गाडी धरतो आणि मोटर उलट बॅटरीत वीज ढकलते. शून्याखाली हे सेल चार्ज करायचे नसतात, आणि भरलेल्या सेलना ती वीज घ्यायला जागाही नसते. यंत्रणा बॅटरी तोडते. नेमक्या उतारावर विजेचा ब्रेक जातो. म्हणून कंट्रोलरला आधी इशारा मिळेल, वीज रेझिस्टन्समध्ये जाळली जाईल, आणि चालकाला केबिनमध्ये दिवा-घंटी मिळेल, अशी जोडणी पुरवठादाराकडून लेखी घ्या. आणि विजेच्या ब्रेकला ‘सुरक्षेचा ब्रेक’ म्हणून कुठेही मोजू नका. तो चाकं-ठोकळे वाचवण्यासाठी आहे, गाडी थांबवण्याची हमी त्याच्यावर टाकू नये.

ब्रेक या एका जागी पैसे वाचवायला जाऊ नका. बोगद्यातल्या लोकोला स्वतःपुरता ब्रेक असतो: हाताचा स्क्रू, नाहीतर स्प्रिंगने लागणारा आणि हवेच्या किंवा तेलाच्या दाबाने सुटणारा. मागच्या माती वाहणाऱ्या गाड्यांना बहुधा वेगळी व्यवस्था असते किंवा नसतेच. प्रवासी डब्यांसाठी हे चालत नाही. आयर्लंडमध्ये आर्माजवळ १२ जून १८८९ रोजी चढावर अडलेली सहलीची गाडी मधून तोडली, मागचे डबे उतारावरून सुटले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० च्या आसपास माणसं गेली, त्यांत मुलं बरीच होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना सलग आणि आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला. सलग म्हणजे प्रत्येक डब्याला, आपोआप म्हणजे गाडी तुटली की दोन्ही तुकड्यांना स्वतःहून लागणारा. तुमच्या १:५० वर आर्मासारखाच प्रसंग येऊ शकतो, म्हणून हा इतिहास समितीला सांगा.

तुमच्या डब्यांना व्हॅक्यूम ब्रेक आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे पाइपमधून हवा शोषलेली असेपर्यंत सुटलेला आणि हवा आत आली की लागणारा. म्हणजे लोकोवर एक्झॉस्टर, टाकी, चालकाचा ब्रेक व्हॉल्व्ह, दोन काट्यांचा मापक आणि दोन्ही टोकांना होज पाइप हवेत. ब्रिटनमध्ये नेहमीचा आकडा २१ इंच पारा. एक्झॉस्टर तेवढा व्हॅक्यूम चार डब्यांत वाजवी वेळात तयार करू शकतो का ते डबे जोडूनच तपासा, कारण जुन्या होजमधून गळती होतेच. एक्झॉस्टरची मोटर १२० व्होल्ट डीसीची शोधत बसू नका. छोटा इन्व्हर्टर आणि साधी थ्री-फेज मोटर हे स्वस्तही पडतं आणि सुटे भागही मिळतात. बॅटरी गेली तर एक्झॉस्टर थांबेल, व्हॅक्यूम हळूहळू मरेल आणि ब्रेक लागतील. ते आपल्याला हवंच आहे.

लोकोचा स्वतःचा ब्रेक या व्हॅक्यूमशी जोडताना एक बारकावा लक्षात ठेवा. स्प्रिंगने लागणारा ब्रेक बहुतेक लोकोंवर ‘लागला किंवा सुटला’ असाच असतो, मधली स्थिती नसते. चालकाने डब्यांचा ब्रेक हळू लावला आणि लोकोचा एकदम पूर्ण लागला, तर मागचे डबे लोकोवर चढतात, प्रवासी धडपडतात आणि लोकोची चाकं घसरून सपाट होतात. त्यामुळे व्हॅक्यूमच्या प्रमाणात लोकोचा ब्रेक लागेल असा समप्रमाणी व्हॉल्व्ह बसवा, किंवा सरळ व्हॅक्यूम सिलिंडर बसवून जुनी लीव्हर-व्यवस्था त्याला जोडा. स्प्रिंगचा ब्रेक उभं राहण्यासाठी आणि आणीबाणीसाठी ठेवा. ब्रेक पाइपमधला व्हॅक्यूम ठरवलेल्या पातळीखाली गेला की मोटरची वीज तोडणारा स्विच लावा. नाहीतर गार्डने ब्रेक लावला तरी लोको ओढतच राहील. डेडमॅनचं पेडलही (चालकाचा पाय सुटला की गाडी थांबवणारं) याच साखळीत घ्या.

आता लोको बघायला जाल तेव्हाचं. गेज ६१० आहे असं पाटीवर असलं तरी पट्टी लावा. ६००, ६१० आणि वेल्समधल्या फेस्टिनिऑग रेल्वेसारखं ५९७ हे सगळे ‘दोन फुटी’ म्हणून विकले जातात. पाच-दहा मिलिमीटरचा फरक चाकं ॲक्सलवर सरकवून निघतो. पण चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर आणि फ्लँजची (चाकाच्या आतल्या उंच कडेची) जाडी तुमच्या सांध्यांच्या चेक रेलशी (चाकाला आतून धरणाऱ्या जोडरुळाशी) जुळतात का, ते महत्त्वाचं. बोगद्यातले रूळ तात्पुरते असतात, तिथे फ्लँज धारदार झालेले लोको बिनबोभाट चालतं. तुमच्या पहिल्याच सांध्यावर ते रुळावरून उतरेल. शिवाय ८ टन दोनच ॲक्सलवर, म्हणजे ॲक्सलला ४ टन. मार्गाच्या काही भागात यार्डाला २० पौंडी हलके रूळ असतील तर रुळांच्या माणसाला आधी विचारा.

कोणी ९०० मिलिमीटरचं लोको दाखवून ‘गेज बदलून घ्या’ म्हणालं तर नको म्हणा. इंग्लंड-फ्रान्स जोडणाऱ्या चॅनल टनेलच्या ब्रिटिश बाजूच्या बांधकामात त्या गेजची लोको मोठ्या संख्येने होती आणि मोठ्या बोगद्यांवर ते गेज नेहमी दिसतं. अडचण अशी की दोन चाकांच्या मधे मोटर आणि गिअरपेटी बसलेली असते. चाकं ३०० मिलिमीटर जवळ आणायची तर तिला जागाच उरत नाही. गेज बदलणं अशक्य असतं असं नाही. चॅटेंडेन अँड अपनोर या लष्करी-नौदल मार्गावरचं अडीच फुटी डिझेल लोको ‘अपनोर कॅसल’ आधी वेल्समधल्या वेल्शपूल अँड लॅनफेअर रेल्वेवर आलं, मग १९६८ मध्ये फेस्टिनिऑगला गेलं आणि तिथे गेज कमी करून वर्षानुवर्षं कामाला आलं. पण ते दीडशे मिलिमीटरचं काम होतं आणि मागे पूर्ण कारखाना होता.

मोटरसाठी ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) घेऊन जा. मोटर आणि चौकटीत एक मेगओहमपेक्षा कमी आला तर घाबरू नका. ओल असेल, हळूहळू उबेवर वाळवून पुन्हा मोजा. कम्युटेटर (मोटरच्या फिरत्या भागावरचं तांब्याचं कडं) मात्र डोळ्यांनी बघा: चॉकलेटी आणि गुळगुळीत असेल तर उत्तम, जळके डाग आणि चर असतील तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, बाहेर काढायचं काम ठरलेलं. बॅटरी पेटीखालची चौकट हातोडीने वाजवून बघा, कारण सांडलेलं आम्ल वर्षानुवर्षं तिथेच झिरपतं. पेटी सोड्याच्या पाण्याने धुतल्याशिवाय विजेची कुठलीही मोजणी खरी येत नाही. बॅटरीचे दोन्ही ध्रुव चौकटीपासून अलग असायला हवेत आणि आम्लाचा ओला थर तो अलगपणा घालवतो. खाणीत आम्ही दोन दिवे एकापुढे एक जोडून त्यांचा मधला बिंदू चौकटीला लावत असू. दोन्ही सारखे मंद असतील तर ठीक, एक तेज झाला की विरुद्ध बाजूला गळती. आजही इतकी सोपी आणि भरवशाची खूण दुसरी नाही.

लोको जुनं असेल तर कॉन्टॅक्टरच्या ठिणगी-पेट्या, रेझिस्टन्सचे आधार आणि ब्रेकचे अस्तर यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रिटनमध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदी १९९९ मध्ये आली, त्याआधीचं सगळं संशयित धरा. नमुना प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कोणाही स्वयंसेवकाला ते घासू किंवा फुंकू देऊ नका. ज्वालारोधक (खाणीतला वायू पेटू नये अशा) बनावटीचं लोको असेल तर त्याच्या विजेच्या भागांवरच्या जाड पेट्या तुम्हाला उघड्यावर लागणार नाहीत, पण त्या पाणीरोधक असतात या समजुतीतही राहू नका. इंग्लंडच्या पावसात त्या सपाट सांध्यांतून पाणी आत जातं.

वेगाबद्दल एवढंच: ही लोको ताशी दहा-पंधरा किलोमीटरसाठी गिअर केलेली असतात. मोटर चाकांना कायमची जोडलेली असते, त्यामुळे बिघडलेलं लोको वाफेच्या इंजिनामागे बांधून जोरात ओढत नेलं तर आर्मेचर मर्यादेबाहेर फिरून उधळू शकतं. ओढून नेण्याची वेगमर्यादा केबिनमध्ये रंगवून ठेवा. चालकाला बॅटरी पेटीवरून पुढचा फलाट आणि फाटक दिसतं का, हेही बसून बघा. बोगद्यात समोर फक्त रूळ होते, तुमच्याकडे मुलं आहेत.

शेडमध्ये चार्जिंगची जागा ठरवताना हायड्रोजन लक्षात ठेवा. लेड-ॲसिड सेल २.४ व्होल्टच्या वर गेला की वायू सोडतो, आणि हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की तो पेटू शकतो. तो हलका असल्याने छताखाली साठतो. चार्जिंगच्या वेळी पेटीचं झाकण उघडं, छताजवळ हवेला वाट, आणि वाफेच्या इंजिनाच्या खड्ड्याशेजारी ही जागा चुकूनही नको. चार्जर बंद केल्याशिवाय प्लग काढायचा नाही. काम करताना अंगठी, घड्याळ, साखळी काढायची आणि मूठ झाकलेले पाने वापरायचे. डिझेल लोको बंद करता येतं, बॅटरी बंद करता येत नाही, हे वाफेवर वाढलेल्या मंडळींना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. मधली जोडपट्टी काढून संच ६०-६० व्होल्टचे दोन करण्याची सोय असेल तर कुठल्याही कामाआधी ती वापरा. फ्यूज आणि मुख्य स्विच डीसीसाठी बनवलेलेच घ्या. एसीचा फ्यूज डीसीची ठिणगी विझवू शकत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. वारसा रेल्वेंच्या सुरक्षेवर ब्रिटनमध्ये ऑफिस ऑफ रेल अँड रोडचं नियंत्रण आहे आणि २००६ च्या नियमावलीनुसार रेल्वेला स्वतःची सुरक्षा-व्यवस्थापन पद्धत चालवावी लागते. वाहन तुमच्यासाठी नवं असेल आणि त्याने मोठा नवा धोका येत असेल तर स्वतंत्र जाणकाराकडून पडताळणीही करून घ्यावी लागते. हा जाणकार काम संपल्यावर बोलावू नका. आराखड्याच्या टप्प्यावर बोलावा, त्याच्या एका प्रश्नाने तुमचा दोन महिन्यांचा वेल्डिंगचा खर्च वाचू शकतो.

प्रवासी गाडीला बॅटरी लोको ही कल्पना जुनी आहे, हेही समितीच्या कानावर घाला. आइल ऑफ मॅनवरच्या दोन फुटी ग्राउडल ग्लेन रेल्वेने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश इलेक्ट्रिक व्हेइकल्सची दोन बॅटरी लोको आणून वाफेची इंजिनं बाजूला ठेवली. तो मार्ग तुमच्याहूनही छोटा होता. तरी काही वर्षांतच रेल्वे पुन्हा वाफेवर आली. आज त्यातल्या ‘पोलर बेअर’ची बॅटरीवर चालणारी प्रतिकृती तिथे आहे. दुसरीकडे इंग्लंडमधल्या साउथएंडच्या धक्क्यावर तीन फुटी गेजच्या नव्या बॅटरी गाड्या चालतात. पण तिथे सव्वा मैलाच्या आसपासचा सपाट मार्ग, त्याच मार्गासाठी आखलेली गाडी आणि मागे नगरपालिका. जुन्या लोकोला नवं काम शिकवणं यापेक्षा अवघड आहे.

माथेरानचं विचारलंत, तर नेरळ ते माथेरान या लोकोंचा विषयच नाही. गेज तेच दोन फुटी, पण १:२० चा चढ आणि २१ किलोमीटरमध्ये साडेसातशे मीटरच्या आसपास उंची. तुमची २८ टनी गाडी तेवढी उचलायला नुसत्या गुरुत्वाविरुद्ध ५७ किलोवॅट-अवर चाकांपाशी लागतील, आणि तुमच्या बॅटरीत सगळे मिळून ३८. त्याहून आधी चाकं घसरतील: १:२० वर २८ टनांचा गुरुत्वाचा भारच पावणेचौदा किलोन्यूटन, त्यावर रुळांचा विरोध, आणि कोरड्या रुळावर हाती साडेपंधरा. अमन लॉज ते माथेरान हा छोटा टप्पा मात्र वेगळा आहे. पावसाळ्यात खालचा घाटमार्ग बंद असताना तिथे शटल चालते. फेरी छोटी, टोकाला थांबायला वेळ, आणि गावात मोटारींना बंदी असल्याने शांततेची किंमत तिथे सगळ्यांना कळते. त्या टप्प्यासाठी लिथियम बॅटरीचं, नव्याने बनवलेलं, चारही ॲक्सल चालवणारं लोको असा अभ्यास कोणी केला तर मला फार आनंद होईल. जुनं बोगद्यातलं लोको तिथे नेऊ नये.

तुमच्या दोन लोकोंसाठी मी असं करेन. दोन्ही एकाच बनावटीची आणि एकाच कंट्रोलरची असतील तरच दोन्ही घेईन. मोटर, गिअर आणि कॉन्टॅक्टरचे सुटे भाग दुसऱ्यातून मिळतात, आणि जुन्या थायरिस्टर कार्डांना बाजारात पर्याय उरलेला नाही. क्लेटन बनावटीची असतील तर बर्टनला कंपनी अजून लोको बनवते, चौकटीवरचा क्रमांक देऊन वायरिंगचे नकाशे मिळतात का ते खरेदीआधी विचारा. विकणाऱ्याला सांगा की बॅटरीची किंमत आम्ही शिशाच्या भंगाराच्या भावाने धरतो. डिस्चार्ज चाचणी पास झाली तर त्यावर बोलू. पहिल्या वर्षी चांगलं लोको जुन्याच बॅटरीवर शंटिंग आणि रुळांच्या कामगाडीला लावा, आणि प्रत्येक दिवसाचे अँपिअर-अवर, किलोमीटर आणि टन वहीत लिहा. हिवाळ्यात त्या वहीवरून लिथियम संच किती मोठा हवा ते ठरेल, आणि व्हॅक्यूमचं काम त्याच हिवाळ्यात होईल. नोंदी आणि लोड सेलचा आकडा आला की इथे टाका, संचाचा आकार मी काढून देतो.